श्रम वेगळे, व्यायाम वेगळा : कामगारांच्या मनःस्वास्थ्याचा विचार

जालना शहरातून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत दिसू लागते. व्यापारउदिमामुळे ‘सोन्याचा पाळणा’ म्हणून एकेकाळी नावाजलेल्या आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झालेल्या या शहराने आपली नवी ओळख मुख्यत्वे दोन उद्योगांच्या बळावर निर्माण केली. त्यांतील एक बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनीची स्थापना केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्काराचा मान मिळाला. दुसरा उद्योग पोलादाचा. ठिकठिकाणांहून आलेले भंगार येथील भट्ट्यांमध्ये सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळते, त्या रसाचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून ते लांबलचक सळयांच्या रूपाने बाहेर पडतात.

या सळईमागे असंख्य हात राबत असतात. भट्टीत भंगार लोटणारा, स्लॅग काढणारा, लालबुंद सळई चिमट्याने धरणारा, क्रेन चालविणारा, ट्रकवर बंडले चढविणारा, काट्यावर वजन टिपणारा आणि पॅनेलसमोर बसून तासन् तास आकड्यांवर नजर ठेवणारा अशी ही नाना कामे. त्यांतील अनेकजण परप्रांतांतून आलेले, कुटुंबापासून दूर राहणारे. काही आसपासच्या खेड्यांतून रोज ये-जा करणारे आणि पावसाने ओढ दिली की शेताच्या काळजीने कामावरही अस्वस्थ असणारे. यंत्रांच्या देखभालीचे वेळापत्रक प्रत्येक कारखान्यात भिंतीवर लावलेले असते. माणसाच्या मनाच्या देखभालीचे वेळापत्रक मात्र कोठे आढळत नाही.

शरीराच्या हालचालीने मन प्रसन्न राहते, ही गोष्ट कोणालाही नवी नाही. परंतु औद्योगिक वसाहतीत तिचा उच्चार केला की एक प्रश्न हमखास पुढे येतो आणि तो प्रश्न अत्यंत वाजवी आहे. आठ-आठ, क्वचित बारा-बारा तास अंगमेहनत करणाऱ्या माणसाला व्यायामाचा उपदेश कशासाठी? तो दिवसभर दुसरे काय करतो? शरीराच्या हालचालीने मन हलके होत असेल, तर भट्टीवरचा कामगार जगातील सर्वांत आनंदी माणूस असावयास हवा. तसा तो नसतो. पाळी सुटल्यावर त्याला न जेवता पडून राहावेसे वाटते, घरच्यांशी चार शब्द बोलणे जड जाते आणि शीण घालविण्यासाठी गुत्त्याची वाट जवळची वाटू लागते. असे का होते, याचे उत्तर शोधल्याशिवाय कामगारांना व्यायामाविषयी काही सांगण्यात अर्थ नाही.

बसचा कंडक्टर आणि हमाल

श्रम आणि आरोग्य यांच्या संबंधाचा शास्त्रीय अभ्यास ज्या संशोधनाने खऱ्या अर्थाने सुरू झाला, ते लंडनच्या दुमजली बसगाड्यांत झाले. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, दिवसभर बसून गाडी चालविणाऱ्या ड्रायव्हरांच्या तुलनेने, दिवसभर जिना चढउतार करीत तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. हालचाल हितकारक असते, हा धडा त्यातून जगाने घेतला आणि तो योग्यच होता. मात्र कंडक्टरच्या हालचालीचे स्वरूप काय होते, इकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले. ती हलकी होती, तीत चढउतार होता, मध्ये थांबे होते आणि प्रवाशांशी दोन शब्द बोलण्यास सवड होती. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाची हालचाल निराळी असते.

हा फरक पुढे डेन्मार्कमधील संशोधकांनी स्पष्ट केला. अंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगन परिसरातील १,०४,०४६ प्रौढांच्या माहितीवर आधारलेला निष्कर्ष २०२१ साली मांडला. फावल्या वेळात केलेली शारीरिक हालचाल हृदयविकार व अकाली मृत्यू यांचा धोका कमी असण्याशी निगडित होती. कामावरील जड अंगमेहनत मात्र तोच धोका वाढलेला असण्याशी निगडित होती. मनाच्या बाबतीतही चित्र असेच आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१७ साली ९८ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. फावल्या वेळातील हालचाल आणि पायी वा सायकलने ये-जा करणे यांचा मनःस्वास्थ्याशी अनुकूल संबंध दिसला. कामावरील अंगमेहनतीचा संबंध उलट मानसिक अस्वास्थ्याशी दिसला. घरकामाचा मात्र इकडे वा तिकडे असा कोणताच संबंध आढळला नाही. असे अभ्यास संबंध दाखवितात, कारण सिद्ध करीत नाहीत, हे ध्यानात ठेवावयास हवे. कमी वेतन, कर्ज आणि असुरक्षित नोकरी यांचाही त्यात वाटा असणारच. तरीही ‘दिवसभर राबतो, म्हणजे व्यायाम झालाच’ या समजुतीला त्यांनी मोठा धक्का दिला आहे. ‘घरचे सारे मीच करते, मला वेगळा व्यायाम कशाला’ असे म्हणणाऱ्या गृहिणीच्या समजुतीलाही.

हा फरक का पडतो

एकच शरीर, एकच घाम. मग परिणाम वेगळे का? पहिले कारण शरीराचे आहे. कामावरील मेहनत बहुधा एकाच प्रकारची असते. तेच स्नायू, तोच कोन, तेच वाकणे. ती तासन् तास चालते आणि शरीराला सावरण्यास उसंत मिळण्यापूर्वीच दुसऱ्या दिवशीची पाळी सुरू होते. व्यायामात अर्धा तास जोर लावून नंतर विसावा असतो आणि शरीर सुधारते ते या विसाव्यातच. भट्टीजवळ तर उष्णतेचा भार वेगळाच असतो. मे महिन्यात बाहेरचे तापमानच चाळीस अंशांवर गेलेले असताना शरीराची निम्मी शक्ती स्वतःला थंड ठेवण्यातच खर्ची पडते.

दुसरे कारण मनाचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे म्हणावे लागेल. तापलेल्या सळईसमोर उभा असलेला माणूस क्षणभरही बेसावध राहू शकत नाही. भंगारात एखादा बंद डबा वा ओली वस्तू आली आणि ती भट्टीत पडली, तर स्फोट होऊ शकतो, हे त्याला माहीत असते. त्याचे मन पाळीभर पहाऱ्यावर असते. कामाची गती यंत्र ठरविते, थांबण्याची वेळ मुकादम ठरवितो. याउलट, संध्याकाळी मोकळ्या रस्त्याने चालणारा माणूस आपल्या मर्जीने चालतो. वाटेल तेव्हा वेग वाढवितो, वाटेल तेथे वळतो, ओळखीचा भेटल्यास थांबतो. स्वेच्छा, मोकळी हवा, उजेड आणि सोबत या चार गोष्टी हालचालीला मिळाल्या म्हणजे तिचा गुण पालटतो.

शरीरात त्या वेळी नेमके काय घडते, याचा उलगडा अजून पूर्ण झालेला नाही. पूर्वी सारे श्रेय एन्डॉर्फिन या द्रव्याला दिले जाई. आता मेंदूत तयार होणारी इतर द्रव्येही विचारात घेतली जातात. काहींचा संबंध सुखद शैथिल्याशी असावा, तर काही चेतापेशींच्या वाढीस साहाय्यभूत होतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्क व्यक्तींपैकी निम्म्यांना वर्षभर नियमाने चालावयास लावले. स्मरणाशी संबंधित असा मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांच्यात सुमारे दोन टक्क्यांनी वाढल्याचे दिसले; केवळ ताण देण्याचे हलके व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात तो घटला. याशिवाय झोप सुधारते, आणि झोप सुधारली की निम्मी चिडचिड आपोआप जाते, हे सांगण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.

औषधाच्या तोडीचा गुण

उदासीनतेचा विकार म्हणजे आळस नव्हे किंवा मनाचा दुबळेपणाही नव्हे; तो आजार आहे. त्यावर व्यायामाचा उपयोग किती, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेन्थाल यांनी पन्नाशी ओलांडलेल्या १५६ रुग्णांचे तीन गट केले. एका गटास औषध, दुसऱ्यास आठवड्यातून तीन दिवस देखरेखीखाली चालणे-धावणे व तिसऱ्यास दोन्ही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षानुसार १६ आठवड्यांअखेर तिन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी होती. औषधाचा गुण लवकर दिसू लागला, व्यायामाचा सावकाश. पुढे दहा महिन्यांनी पाहिले असता व्यायामाने बऱ्या झालेल्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. (हे वाचून कोणीही चालू औषध परस्पर बंद करू नये. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी-अधिक करावयाचे असते.)

आजार होण्यापूर्वीच टाळता येईल काय, हा प्रश्न कारखान्यांच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे. नॉर्वेतील ३३,९०८ प्रौढांवर ११ वर्षे लक्ष ठेवून २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक ठरतो. त्यातील सर्वांनी आठवड्यातून किमान एक तास व्यायाम केला असता, तर उदासीनतेची सुमारे १२ टक्के प्रकरणे टळली असती, असा संशोधकांचा अंदाज आहे. आठवड्यातून एक तास! आणि तो जोरकसच हवा असेही नाही. हलक्या व्यायामाचा लाभही तितकाच दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचालीची शिफारस केली आहे. ती उत्तम आहेच. पण ज्याच्या हाती दिवसाकाठी वीस मिनिटेही उरत नाहीत, त्याला तीनशेचा आकडा ऐकून धीर सुटण्याचाच संभव अधिक. त्याने एका तासापासून आरंभ करावा.

मातीतली परंपरा

या बाबतीत जालना जिल्ह्याला परक्या मुलखातून काही आणावयाचे आहे असे नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाने मारुतीची मंदिरे स्थापन करून बलोपासनेचा आग्रह धरला. नित्य सूर्यनमस्कार घालण्याची त्यांची परंपरा आजही आदराने सांगितली जाते. याच नमस्कारांना विसाव्या शतकात शाळेच्या पटांगणावर आणले ते औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. अमरावतीत १९१४ साली हनुमान आखाड्याची स्थापना झाली, तर लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगाची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. जालन्याला कुस्तीचीही ओढ आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा येथेच भरली होती आणि बाला रफिक शेख यांनी ती गदा जिंकली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. चालण्याविषयी तर मराठी माणसाला काय सांगावे? पंढरीहून परतणारी शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी जालन्याच्या वाटेने जाते तेव्हा शेकडो कोस चाललेल्या वारकऱ्यांच्या चेहऱ्यावर थकवा असतो, पण उदासी नसते. स्वेच्छेने, सोबतीने आणि तालावर टाकलेले पाऊल कसे असते, याचे हे प्रात्यक्षिकच होय.

कारखान्यांच्या संदर्भात जपानचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे १९२८ साली नभोवाणीवरून संगीताच्या तालावर सामुदायिक कवायतीचा कार्यक्रम सुरू झाला. एका कवायतीस जेमतेम तीन मिनिटे लागतात. ही प्रथा पुढे शाळांत, कचेऱ्यांत व कारखान्यांत रुजली आणि पाळी सुरू होण्यापूर्वी कामगार व अधिकारी एकत्र उभे राहून ती करू लागले. त्याने स्नायू सैल होतात, हा एक लाभ. साहेब आणि कामगार सकाळी एकाच रांगेत हात वर करतात, हा दुसरा लाभ कदाचित अधिक मोलाचा असेल.

पाळीनुसार आखणी

सर्वांना एकच वेळ सांगणे व्यर्थ आहे. पॅनेलवर, कार्यालयात किंवा काट्यावर बसून काम करणाऱ्याने दर तासाला दोन-चार मिनिटे उठून फिरावे आणि कामापूर्वी वा कामानंतर अर्धा तास झपझप चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम लागला की वेग योग्य समजावा.

अंगमेहनत करणाऱ्यास वेगळा हिशेब हवा. त्याला अधिक घाम गाळावयाचा नाही. आखडलेले शरीर मोकळे करावयाचे आहे आणि पहाऱ्यावरचे मन उतरवावयाचे आहे. कामाला लागण्यापूर्वी मान, खांदे, कंबर व गुडघे यांच्या पाच-सात मिनिटांच्या सावकाश हालचाली कराव्यात. पाळी सुटल्यावर तडक धावणे वा वजने उचलणे हा शुद्ध अविचार होय, विशेषतः उन्हाळ्यात. आधी पाणी प्यावे, घाम फार गेला असल्यास मीठ-साखरेचे पाणी घ्यावे, अंग निवू द्यावे. मग ऊन उतरल्यावर वीस मिनिटे सावकाश चालावे किंवा सतरंजीएवढ्या जागेत दहा-बारा सूर्यनमस्कार दीर्घ श्वासासह घालावेत. नमस्कारच घातले पाहिजेत असे नाही. ज्याला जे रुचेल आणि टिकेल ते त्याने करावे. चक्कर, मळमळ, छातीत दुखणे यांपैकी काही जाणवल्यास थांबून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

रात्रपाळीचा प्रश्न अवघड आहे. रात्रभर जागलेल्या माणसाने सकाळी व्यायामाला लागू नये. त्याने घरी जाऊन, खोलीत अंधार करून, आधी झोप पुरी करावी आणि संध्याकाळी पाळीवर निघण्यापूर्वी उजेडात फिरून यावे. एका खोलीत दोन पाळ्यांचे लोक राहत असतील, तर झोपणाऱ्याची झोप राखणे हे जागणाऱ्याचे कर्तव्य मानावे.

बियाणे निवडण्याच्या व भरण्याच्या कामावरील स्त्रियांची अडचण आणखी निराळी. घरी परतल्यावर दुसरी पाळी चुलीपुढे सुरू होते आणि एकटीने रस्त्यावर फिरावयास जाणे संकोचाचे वाटते. त्यांच्यासाठी दुपारच्या सुटीतील दहा मिनिटेच हाती लागण्यासारखी असतात. फुगडी, झिम्मा, लेझीम हे खेळ त्यांना शिकवावे लागत नाहीत. श्रावण-भाद्रपदात ज्या खेळांनी माहेरवाशिणीचे मन मोकळे होते, ते खेळ कारखान्याच्या आवारात एरवी का खेळू नयेत?

व्यवस्थापनाचा वाटा

येथपर्यंत जे सांगितले, त्याचा सारा भार कामगारावर टाकणे अन्यायाचे होईल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा दंडक घातला आणि दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत विश्रांतिगृहाची अपेक्षा केली, ती उगाच नव्हे. माणूस सावरण्यास वेळ लागतो, हे त्यामागील तत्त्व होते. जेथे विश्रांतीच्या अर्ध्या तासातही यंत्राकडे लक्ष ठेवावे लागते आणि सावलीचे ठिकाण नसते, तेथे व्यायामाचे फलक लावून काहीही साधणार नाही. थंड पाणी, सावली, वेळेवर सुटी आणि अवजड कामांची अदलाबदल या गोष्टी आधी, कवायत नंतर. हा क्रम उलटा करणारे कल्याणकार्य केवळ छायाचित्रापुरते उरते.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ हे १९५३ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आले असून राज्यभरातील कामगार कल्याण केंद्रांतून व्यायाम, खेळ, नाट्य व भजन स्पर्धा यांना त्याने दीर्घकाळ उत्तेजन दिले आहे. तथापि ठेकेदारामार्फत आलेला व काही महिन्यांनी दुसरीकडे जाणारा कामगार अशा योजनांच्या कक्षेत सहजासहजी येत नाही. त्याला भाषेचीही अडचण असते. औद्योगिक वसाहतींतील उद्योजक संघटनांनी याकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. मन थकलेल्या कामगाराची क्षणाची चूक भट्टीपाशी किती महाग पडते, हे त्यांना सांगावयास नको.

आणि काही वेळा चालण्याने भागत नाही. सलग दोन आठवडे मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक उडणे, जगू नये असे विचार येणे ही आजाराची लक्षणे आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा-अकरा व्यक्तींना मानसिक विकार असल्याचे आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नसल्याचे दिसून आले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. मराठीबरोबर हिंदी व अन्य भारतीय भाषांतही ही सेवा मिळते, ही बाब परप्रांतीय कामगारांना आवर्जून सांगावयास हवी. शासकीय रुग्णालयात जाण्यातही कमीपणा नाही. पाठ दुखली म्हणून माणूस जातोच की.

मोकळी जागा आणि चुन्याची फक्की

आरंभ कोठून करावा, असे एखादा व्यवस्थापक विचारील, तर त्याला महागड्या व्यायामशाळेची यादी देण्याचे कारण नाही. पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानास १३ मीटर लांब व १० मीटर रुंद एवढीच जागा लागते. स्त्रियांच्या मैदानास १२ बाय ८. भंगाराचा ढीग चार हात मागे सरकविला, जमिनीवरचे लोखंडाचे तुकडे व खिळे वेचून काढले, वर माती पसरून पाणी मारले आणि चुन्याच्या फक्कीने रेघा आखल्या की मैदान तयार होते. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. खेळताना भट्टीवाला, क्रेनवाला, हिशेबनीस आणि बिहारहून गेल्या महिन्यात आलेला पोरगा एकमेकांचे हात धरून साखळी करतात. दुसऱ्या दिवशी त्या पोराला कामावर सर्वजण नावाने हाक मारू लागतात.